सरात अबीदाच्या वाटेवरची झिल

चारचौघांत मी तुला 'तुम्ही' म्हणायचे. तुझ्या आईसमोर, चिपळूणच्या पाहुण्यांसमोर, इथल्या शेजाऱ्यांसमोरसुद्धा. गाडीचं दार लागलं आणि तू चावी फिरवलीस की मग 'तू'. लग्नानंतर तूच तसं ठरवून टाकलंस. म्हणालास, गाडीत 'तुम्ही' ऐकलं की मागच्या सीटवर कुणीतरी वडीलधारं बसलंय असं वाटतं. तेव्हा आता दार लागलंय असं समज. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि एका ट्रकचा निकाल सांगायचाय.

इद्दत संपली. तू गेल्यावरचे ते चार महिने दहा दिवस घरातच होते. हॉस्पिटलने कामावरून रजा दिली, माझ्या वॉर्डातल्या केरळच्या सिस्टरांनी आळीपाळीने जेवण पाठवलं. सौदीतल्या या खमीस मुशैतमधली आपल्या कोकणातली जेवढी घरं आहेत तेवढ्या घरांतल्या बायका येऊन बसून गेल्या. सगळ्यांनी तू किती चांगला होतास ते सांगितलं. किती शांत, किती मदतीला धावणारा. तू किती हट्टी होतास हे मात्र एकीनेही सांगितलं नाही, त्यामुळे त्या दुसऱ्याच कुणाच्या नवऱ्याबद्दल बोलताहेत असं मला वाटत राहिलं. माझा नवरा मदिन्याच्या रस्त्यावर एका डब्यासारख्या व्हॅनभोवती तीन चकरा मारणारा होता. त्याच्याबद्दल बोलायला कुणी नव्हतं.

तुझं हे वेड कुठून आलं ते मला लग्नाच्या आधीच कळलं होतं. तुझी आईच म्हणाली, "त्याला रशियन ट्रकचं येड हाय, मागून बोलू नको सांगितलं नाय म्हणून." तुमच्या शाळेत सगळी पोरं पुस्तकांना रशियन मासिकाच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं घालायची. रद्दीवाल्याकडे ती मासिकं स्वस्तात मिळायची आणि पान फाटता फाटत नसे. कुणाच्या पुस्तकावर नाचणाऱ्या मुली आल्या, कुणाच्या वाट्याला गव्हाची शेतं. तुझ्या गणिताच्या पुस्तकावर बर्फात उभा राहिलेला एक हिरवा ट्रक आला. गोल पुढे आलेलं नाक, दोन तुकड्यांची काच, आणि नाकावर तीन अक्षरं. गणित तुझं कच्चंच राहिलं, ट्रक मात्र पाठ झाला.

आणि पोटासाठी आलास कुठे, तर या देशात. इथे टोयोटा, अमेरिकन गाड्या आणि जुन्या मर्सिडीजचे ट्रक. रशियन गाडी इथे कुणी विकलीच नव्हती. जी दिसेल ती दुसरीकडून वाट चुकून आलेली असायची. कुवेतहून कुणी चालवत आणलेली निवा. दागिस्तानच्या हाजींची उआझ. येमेनकडून डोंगर उतरून आलेली झिल किंवा गाझ. तू म्हणायचास, म्हणून तर मजा आहे, जिथे शंभर आहेत तिथे काय शोधायचं. मी म्हणायचे, चिपळूणच्या बाजारात हत्ती शोधत फिरणाऱ्यालाही मजाच येत असेल.

मग नियम झाले. दोन्ही तूच केलेस, हे विसरू नकोस. पहिला नियम, गाडी दोघांनी पाहिली तरच मोजायची. इथे खमीसला लष्कराचा तळ, कॅमेरा काढायची चोरी, त्यामुळे फोटो नाही. मग पुरावा काय? तू म्हणालास, ईदच्या चांदाला साक्षीदार लागतात ना, तसेच इथे. एकट्याने पाहिलेला चांद गावाला चालत नाही. दुसरा नियम, गाडीला चाकं हवीत. चाकं नसतील तर ते भंगार, गाडी नव्हे. गाडी चालवणाऱ्याने रस्ता सोडून इकडेतिकडे बघायचं नाही, शोधायचं शेजारी बसणाऱ्याने, हे मी घातलं. तो नियम नव्हता, जीव वाचवायची सोय होती.

मदिन्याची ती उआझ आठवते? ज़ियारतीला गेलो होतो. पेट्रोल पंपापाशी दागिस्तानची माणसं रस्त्याकडेला चहा करत बसली होती, आणि त्यांच्या मागे ती राखाडी व्हॅन. मी म्हटलं, ही तर पावाची लादी आहे. तू म्हणालास, रशियातसुद्धा तिला पावच म्हणतात, आणि माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी कुठली तरी परीक्षा पास झाले होते. त्या लोकांना तुझी भाषा येत नव्हती, तुला त्यांची. तू बॉनेटकडे बोट दाखवलंस, त्यांनी उघडून दाखवलं. एका म्हाताऱ्या बाईने मला तिच्या शेजारी सतरंजीवर बसवलं आणि हातात साखरेचा खडा दिला, चहाबरोबर दाताखाली धरायला. मदिन्याला येऊन माणूस काय बघतो आणि तू काय बघत बसलास म्हणून मी तुझ्यावर चिडले होते. आज सांगते, त्या सहलीतलं सगळ्यांत स्पष्ट मला तेच आठवतं.

दम्मामचंही आठवत असेल, पण तू ते मुद्दाम विसरायचास. तुझ्या भावाकडे ईदला गेलो होतो. भंगाराच्या आवाराच्या जाळीतून मला पांढरी निवा दिसली. पूर्ण निवा, दारं, काचा, कुवेतचा रंग उडालेला नंबर. तूही पाहिलीस, म्हणजे साक्षीदार दोन. आणि तू खाली वाकून बघितलंस आणि म्हणालास, "चाकं नाहीत गो." विटांवर उभी होती बिचारी. रियाध मागे पडेपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही. आपली लेक सना मागच्या सीटवर कानात इयरफोन घालून बसली होती, तिला वाटलं आपलं घरच्या कशावरून तरी वाजलंय.

तर हे असे नियम, आणि त्यातच तू स्वतः सापडलास.

तू एका गॅरेजला स्पेअर पार्ट पोचवायला येमेनच्या वाटेवरच्या सरात अबीदाच्या पुढे गेला होतास. मी ड्युटीवर होते. संध्याकाळी दारातूनच सांगत आलास. झिल. तीच, गणिताच्या पुस्तकावरची. रस्त्याच्या खाली उतरत्या शेतात, अर्धी ताडपत्रीखाली, नाक बाहेर. सीमेकडे चाललेल्या लष्करी गाड्या रस्त्यावर होत्या, मोबाइल काढून फोटो घ्यायची हिंमत कोण करणार. थांबलासही नाहीस. पुन्हा दोनदा गेलास, तर धुकं, आणि शेत कुठलं ते सापडेना.

मी म्हटलं, जुनी मर्सिडीज असेल. तिलाही गोल नाक असतं, आणि इथल्या आसीरच्या डोंगरात ती पावलोपावली आहे.

"अगो, नाक बघितलंय मी तिचं. तसं नाक मर्सिडीजला नसतं."

"साक्षीदार?"

मग हे आपल्यात वर्षानुवर्षं चाललं. तुला ताप आला तरी झिल निघायची, पाहुणे आले तरी निघायची. तू फहदलासुद्धा पंच केलंस.

फहदबद्दल इथे सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. स्पेअर पार्टच्या दुकानांत काउंटरवर सौदी माणूसच हवा असा हुकूम निघाला तेव्हा सनाइयातली, म्हणजे इथल्या गॅरेजांच्या वस्तीतली, आपली अर्धी माणसं घरी गेली. तुझ्या कफीलने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाने, तुला ठेवलं, पण मागे गोदामात. काउंटरवर फहद आला. दोन मुलांचा बाप, आधी कुठे तरी सुरक्षारक्षक होता. आपल्या लोकांनी तुला सांगितलं, त्याला काही शिकवू नकोस, तू आहेस म्हणून दुकान चालतंय, शिकला की तू खलास. तू घरी येऊन मला विचारलंस, काय करू. मी म्हटलं, तुला माहीत आहे तू काय करणार आहेस, मला का विचारतोस. महिन्याभरात फहद बेअरिंग हातात घेऊन गाडीचं नाव सांगायला लागला. आणि झिलची गोष्ट त्यालाही पाठ झाली. तो तुला 'अबू सना', म्हणजे सनाचा बाप, म्हणायचा, आणि सरात अबीदाकडचं गिऱ्हाईक आलं की तुला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचा, तुमच्याकडे रशियन लॉरी आहे का. थट्टा होती ती. तू मागून खोक्यांमधून ओरडायचास, विचार, विचार.

मग बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली. मी लायसन्स काढलं आणि आपल्या जागा बदलल्या. तुला वाटलं होतं आता शेजारी बसून निवांत शोधता येईल. कसलं काय. तुझा उजवा पाय सारखा नसलेल्या ब्रेकवर. शहराच्या बाहेर तू मला गाडी काढू दिली नाहीस, आणि शहरात शोधायचं काय? कधी पाण्याचा टँकर दिसला तरी तू "ती बघ" म्हणायचास. तू फार वाईट शोधणारा होतास, सलीम. माझ्याइतकी नजर तुझी नव्हती. म्हणूनच तर मला त्या झिलबद्दल शंका होती.

तू गेलास त्याच्या आदल्या आठवड्यात जेवताना तू पुन्हा विषय काढलास. या वेळी हसत नव्हतास. म्हणालास, "गाडी राहू दे. तुझा माझ्यावर विश्वास आहे की नाही, तेवढं सांग."

मी म्हटलं, "विश्वास आहे. साक्षीदार नाही."

तू मान हलवलीस आणि आमटी वाढून घेतलीस. मला वाटलं, चांगलं उत्तर दिलं. अजूनही वाटतं, कारण ते खरं होतं. पण विश्वास आहे एवढंच म्हणून थांबले असते तरी चाललं असतं. दुसरं वाक्य नंतर म्हणता आलं असतं, आपल्याला नंतर आहेच असं तेव्हा वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात, त्या दुपारी, तुला आमच्याच हॉस्पिटलात आणलं. मी वर वॉर्डात होते. त्यापुढचं मी लिहीत नाही, ते कागदावर लिहिलेलं आहे. तुला इथेच दफन केलं. कब्रस्तानात बायका जात नाहीत, आणि इथल्या रिवाजाप्रमाणे कबरीवर नाव नाही, नुसता दगड. फहदने खांदा दिला आणि नंतर बायकोकडून निरोप पाठवला की भिंतीपासून कितवी ते त्याला माहीत आहे, तो ते विसरणार नाही. मला त्या निरोपाने खूप बरं वाटलं. पण जायला जागा नव्हती. माणूस गेल्यावर कुठे तरी जाऊन उभं राहावंसं वाटतं, हे मला वॉर्डात इतकी वर्षं काढूनही माहीत नव्हतं.

इद्दत संपायच्या सुमारास फहदचा मेसेज आला. सनाच्या मोबाइलवर, मला इद्दतीत परक्या पुरुषाचा नको म्हणून. तो अजूनही विचारत होता. तू नसताना, काउंटरवर, सरात अबीदाकडचा कोणी आला की विचारत होता. आता थट्टा नव्हती. आणि एका शेतकऱ्याने सांगितलं, आहे, आमच्या काकाच्या शेतात काहीतरी रशियन आहे, या आणि बघा. खाली नकाशावरची जागा.

सनाने वाचून दाखवलं आणि म्हणाली, "वी शुड गो."

तुझ्या आईला फोनवर सांगितलं नाही. बाईमाणसं डोंगरातून एकट्या, हे ऐकून ती रडली असती. शुक्रवारी सकाळी निघालो. शहराबाहेर मी पहिल्यांदाच चालवत होते. सना पुढे बसली, तुझ्या जागेवर. आजपर्यंत ती कधी पुढे बसायला मागत नव्हती. पहिल्याच चढावर धुकं आलं, मग वळणावर माकडांची टोळी रस्ता अडवून बसली, आणि मागची गाडी हॉर्न वाजवत राहिली. तुझा पाय ब्रेकवर असता तर बरं झालं असतं असं पहिल्यांदाच वाटलं. सना म्हणाली, अम्मी, हळू जा, त्यांना काय घाई आहे त्यांची त्यांना. तुझ्यासारखंच म्हणाली.

नकाशाने डांबरी रस्ता सोडायला लावला. पायऱ्यापायऱ्यांची शेतं, दगडी बांध. मी खड्डे बघत होते. नियमाप्रमाणे समोर.

"अम्मी, स्टॉप. राइट साइड. थ्री."

"काय थ्री?"

"तीनचा आकडा. पप्पा म्हणायचे ना, तीनचा आकडा, उलटा एन आणि तंबू. रशियनमधलं झिल."

मी गाडी थांबवली. आधी तिच्याकडेच बघितलं. इतकी वर्षं कानात इयरफोन घालून मागे बसलेली ही मुलगी सगळं ऐकत होती. त्यांत गाणी कधी वाजत होती आणि कधी नव्हती, देव जाणे.

मग उजवीकडे पाहिलं. बांधाच्या खाली, ताडपत्रीचे नुसते दोर राहिलेले, आणि गोल पुढे आलेलं नाक. दोन तुकड्यांची काच, त्यातला एक तुकडा पत्र्याने बुजवलेला. हिरवा रंग फक्त दाराच्या कडांना. नाकावर तीन अक्षरं. मर्सिडीज नाही, सलीम. तसं नाक मर्सिडीजला नसतं.

मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. दुःखाने रडत होते असं म्हणता येणार नाही. तू खरं बोलत होतास, आणि ते मला माहीत होतं, आणि आता ते दोघींना दिसत होतं. सनाने पाठीवर हात ठेवला.

त्या शेतकऱ्याचा काका म्हातारा होता. फहदने त्याला आधीच कळवलं होतं, म्हणून सुनेला पुढे घालून तो जरा लांब उभा राहिला. तिने कॉफी आणि खजूर आणले. त्याने सांगितलं, येमेनकडून त्याच्या बापाने आणली होती, मेंढ्या वाहायला. रशियन वगैरे त्यांना माहीत नव्हतं, ते तिला 'हिरवी' म्हणायचे. आता अर्धीच आहे. मागचं शरीर कापून नेलं, पुढचं ठेवलं, कारण तिच्यात कोंबड्या बसतात. खरंच बॉनेटखालून एक कोंबडी बाहेर आली आणि आमच्याकडे रागाने बघून परत आत गेली.

मी खाली वाकले. केबिन दगडांवर उभी होती.

"चाकं नाहीत," मी सनाला म्हटलं. "पप्पांचा नियम आहे. दम्मामला माझी निवा याच कारणाने गेली."

तुझ्यावर मात करायची इतकी चांगली संधी मला आयुष्यात मिळाली नव्हती, आणि ती घ्यायला मन होईना. सनाने मोडक्यातोडक्या अरबीत सुनेला विचारलं, चाकं कुठे गेली. सुनेने शेताच्या टोकाकडे हात केला. तिकडून पिकअपच्या मागे जोडलेली पाण्याची टाकी डुलत येत होती, आणि टाकीच्या खाली दोन मोठी, जाड काठांची जुनी चाकं. म्हाताऱ्याने लांबूनच सांगितलं, त्या लॉरीचीच. फार चांगली चाकं, अजून काही झालेलं नाही त्यांना.

सनाने केबिनकडे बघितलं, मग टाकीकडे, मग माझ्याकडे.

"चाकं आहेत ना, अम्मी," ती म्हणाली. "थोडी लांब आहेत, बस."

मी तिथेच उभी राहिले. टाकी आमच्या समोरून गेली, पाणी सांडत, खालच्या वाफ्यांकडे. तू असतास तर वाद घातला असतास. आधी स्वतःच्या बाजूने, मग नियम तुझाच आहे हे आठवून माझ्या बाजूने. मी त्या नाकावर हात ठेवला. उन्हाने तापलं होतं. जाऊन उभं राहायला एक जागा मिळाली एवढंच मला त्या वेळी कळलं, आणि तेवढं पुरेसं होतं.

परत येताना सनाने इयरफोन डॅशबोर्डवर ठेवले आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मध्येच विचारलं, इंडियाला जायचं का आपण कायमचं? तुझ्या आईची तीच इच्छा आहे. मी सांगितलं, हॉस्पिटलने करार वाढवलाय, तुझी बारावी होऊ दे, मग दोघी मिळून ठरवू. ती म्हणाली, ठीक आहे, मग पुढच्या ईदला दम्माम. काकाकडे. मी म्हटलं, का? तर म्हणाली, निवाची चाकं पण कुठे तरी असतीलच.

फहदला सांगितलं. त्याने बायकोकडून निरोप दिला की अबू सनाला तो शुक्रवारी जाऊन सांगेल, भिंतीपाशी. मी हो म्हटलं. पण आधी मी सांगणार, म्हणून हे लिहायला बसले.

झिल मोजली, सलीम. साक्षीदार दोन. चाकं आहेत. निवाचा निकाल लागायचाय, तो मी लावून घेणार आहे, तू कितीही आडवा पडलास तरी.

आता गाडीचं दार उघडते. तुमच्या आईचा फोन यायची वेळ झाली.